गोल रुळांवरची गाडी

मराठी बालगीतांतली आगगाडी बहुधा कुठेतरी पोचवणारी असते. तिच्या शेवटच्या स्थानकावर मामाचे गाव असते, सुट्टी असते, लाड करणारी माणसे असतात. चावी दिलेली पत्र्याची गाडी मात्र कुठेच पोचवत नाही. चार फूट व्यासाच्या गोल रुळांवर ती निघते आणि काही क्षणांत निघाली होती तिथेच परत येते. स्प्रिंगेतला जोर ओसरला की वाटेत कुठेही उभी राहते. गंतव्य नसलेला हा प्रवास शंभर-सव्वाशे वर्षे लहान मुलांना, आणि त्यांच्याहूनही अधिक प्रौढांना, का रमवीत आला असावा, हा प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. युरोप-अमेरिकेत आयुष्याची उतरण लागलेली माणसे तळघरात किंवा माळ्यावर फळ्या ठोकून त्यांवर रूळ, बोगदे, सिग्नल आणि झाडे उभी करीत वर्षानुवर्षे घालवतात. त्यांना वेडे म्हणणे सोपे आहे. त्यांच्या वेडाची जात ओळखणे तितके सोपे नाही.

या वेडाला 'स्मरणरंजन' म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे. मराठी समीक्षेत हा शब्द सहसा तक्रारीच्या सुरात येतो: जे जवळ नाही ते गोड करून आठवणे, आणि त्या गोडव्यात वर्तमानाची जबाबदारी विसरणे. पाश्चात्त्य भाषांत या भावनेला जो शब्द आहे त्याचा जन्म मात्र साहित्यात नव्हे, वैद्यकात झाला. योहानेस होफर या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझल येथे लिहिलेल्या प्रबंधात, परमुलखात राहणाऱ्या स्विस माणसांना जडणाऱ्या घरच्या ओढीच्या व्याधीसाठी 'परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. परतण्याची वेदना, हा त्याचा सरळ अर्थ. गोल रुळांवरच्या गाडीत परतणे आहे आणि ते दर अर्ध्या मिनिटाला आहे. वेदना कुठे दिसत नाही. या छंदाची परीक्षा करायची तर याच मुद्द्यावर करायला हवी. परतण्याच्या या सोयीतून वेदना पार गाळली गेली आहे, की अन्य कोणत्या वाटेने ती पुन्हा आत शिरते?

या खेळण्याचे कूळ शोधू गेल्यास ते भातुकलीपाशी पोचते. जर्मनीतील ग्योपिंगेन गावी मेर्कलिन नावाच्या पत्रेकाराने १८५९ साली बाहुल्यांच्या स्वयंपाकघरासाठी लागणारी चिमुकली पत्र्याची भांडी करायला सुरुवात केली. १८६६ साली तो वारला. त्याची पत्नी कारोलिनं हिने व्यवसाय नेटाने टिकवला. नवऱ्याच्या हयातीतही माल घेऊन गावोगाव विक्रीसाठी हिंडणारी तीच होती. पुढे तिच्या मुलांच्या काळात, १८९१ साली, लाइपझिगच्या जत्रेत या घराण्याने चावीची आगगाडी आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वळणारे रूळ मांडले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुळांच्या रुंदीला ठरावीक मापे आणि क्रमांक दिले. आज एक इंजिन घ्यावे, पुढच्या नाताळात दोन डबे, त्यानंतर एक सांधा, मग स्थानक. आधी घेतलेले काहीच वाया जाणार नाही, कारण सारे एकाच मापाचे. बाहुलीच्या घरात दर सणाला एखादे भांडे वाढते, त्याच न्यायाने आगगाडी वाढू लागली. मुलांचे म्हणून जे खेळणे जगभर गाजले, त्याची व्यापारी युक्ती मुलींच्या खेळातून आलेली आहे, आणि ती युक्ती अपुरेपणाची आहे. हे खेळणे विकत घेताच येत नाही; ते फक्त विकत घ्यायला सुरुवात करता येते.

इंग्लंडात हाच अपुरेपणा एका निराळ्या माणसाच्या हाती आला. फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलचा. १८६३चा जन्म, मांसाची आयात करणाऱ्या पेढीत हिशेबनीस. शास्त्राचे रीतसर शिक्षण नाही. आपल्या मुलांसाठी तो पत्र्याच्या पट्ट्या कापून खेळणी करी. प्रत्येक खेळण्यासाठी वेगळ्या पट्ट्या कापाव्या लागतात याचा त्याला कंटाळा आला, आणि ठरावीक अंतरावर भोके पाडलेल्या पट्ट्या, नट आणि बोल्ट एवढ्यांतून वाटेल ते उभे करता येईल असे त्याच्या ध्यानात आले. १९०१ साली त्याने या कल्पनेचे पेटंट मिळवले. पुढे 'मेकॅनो' या नावाने ती घरोघर पोचली. पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडातल्या मुलांच्या आगगाड्या बव्हंशी न्यूरेंबर्ग आणि ग्योपिंगेनहून येत. युद्धाने त्या बाजाराला कुलूप लावले आणि जर्मन मालाबद्दल तिटकाराही रुजवला. १९२० साली हॉर्नबीने आपली पहिली चावीची गाडी काढली. तीही मेकॅनोच्या धर्तीवर सुटी करून पुन्हा जोडता येई. म्हणजे या गाडीचे रहस्य मुलापासून झाकलेले नव्हते. खेळणे मोडून पाहण्याची जी ओढ सर्व मुलांना असते, आणि जिच्यापायी सर्वांनी मार खाल्लेला असतो, ती ओढ या खेळण्याने अधिकृत केली.

१९१६पासून 'मेकॅनो मॅगझिन' निघत होते. १९२८ साली मुलांसाठी 'हॉर्नबी रेल्वे कंपनी' नावाची संघटना निघाली. तिचे सभासद व्हायचे आणि कोटावर बिल्ला लावायचा. कंपनीच्या पत्र्याच्या स्थानकांवर खऱ्या गावांची नावे छापलेली असत: रिपन, विंडरमियर, मार्गेट. हॉर्नबी १९३६ साली निवर्तला. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा त्याचा कारखाना १९७९ साली बंद पडला. त्याच्या आधीच, १९६४ साली, प्रतिस्पर्धी कंपनीने मेकॅनो विकत घेतल्यावर हॉर्नबीचे नाव समुद्रकाठच्या मार्गेटला गेले होते. पत्र्यावरच्या स्थानकाचे नाव आणि कारखान्याचे गाव असे एक झाले, हा योगायोग कादंबरीकाराने योजला असता तर समीक्षकांनी त्यावर कृत्रिमतेचा ठपका ठेवला असता. १९९०च्या दशकात उत्पादन चीनकडे गेले. मार्गेटचे नाव राहिले.

विंडरमियरचे पत्र्याचे स्थानक भारतातही आले होते. ब्रिटिश अमदानीत आयात केलेली ही खेळणी मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळत. स्वातंत्र्यानंतर आयातीवरचे निर्बंध कडक झाले तशी ती दुर्मिळ होत गेली आणि विलायतेहून परतणाऱ्या एखाद्या काकांच्या ट्रंकेतून येऊ लागली. ज्या थोड्या घरांत ती होती त्या घरांतल्या मुलाने विंडरमियर हे नाव वर्ड्स्वर्थच्या प्रांतातले सरोवर म्हणून पाठ्यपुस्तकात वाचण्यापूर्वी पत्र्याच्या फलाटावर वाचले. त्याचे खरे प्रवास मनमाड, दौंड, भुसावळ अशा जंक्शनांवरून होत. तिथे राखेचा वास, मातीचे कुल्हड किंवा काचेचे पेले, तिसऱ्या वर्गाची गर्दी आणि रात्री-अपरात्री गाडी बदलण्याची धांदल असे. घरच्या जमिनीवर मात्र गाडी इंग्लंडातल्या कंपनीच्या रंगात, इंग्रजी फलाटाशी थांबे. अशा मुलाच्या वार्धक्यातले स्मरणरंजन कोणत्या भूमीचे म्हणायचे? ते परक्या भूदृश्याचे आहे, म्हणून ते वसाहतीच्या मनाचे अवशेष होत, असा निकाल देणे सोपे पडते आणि आजच्या चर्चेत तो टाळ्याही मिळवील. पण तो अर्धाच खरा आहे. मुलाची कल्पनाशक्ती पत्र्यावर काय छापले आहे याची फारशी पर्वा करीत नाही. विंडरमियरवरून सुटलेली गाडी खाटेखालच्या अंधारात शिरली की तो खंडाळ्याचा बोगदा होतो, आणि पलीकडे येणारी चटई ही पुण्याची असते. जे परके आहे ते वापरून आपले उभे करण्याची ही रीत आपल्या आधुनिक साहित्याला अपरिचित नाही.

तरीही परकेपणाची एक बाजू अशी आहे की ती कल्पनेने मिटत नाही. ती मोजमापाची आहे. जगात सर्वांत रूढ असलेल्या छोट्या गाड्यांचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात. युरोप-अमेरिकेत त्यांवरच्या गाड्या मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या असतात. साडेसोळाला सत्त्याऐंशीने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात, आणि तेच तिकडच्या खऱ्या रुळांचे अंतर. हिशेब चोख आहे. ब्रिटिश गाड्या मात्र मुळात अंगाने अरुंद. सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या ब्रिटिश इंजिनात त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा ब्रिटिशांनी इंजिन शहात्तराव्या हिश्श्याचे केले आणि रूळ तेच ठेवले. परिणामी ब्रिटिश छोटी गाडी आजतागायत आपल्या अंगाच्या मानाने अरुंद रुळांवर चालते. खऱ्या मापात ते रूळ १२५४ मिलिमीटरचे ठरतात, हवे त्यापेक्षा जवळजवळ १८ सेंटिमीटर कमी. हे खोटे ज्यांना सोसवले नाही त्यांनी आपल्या हातांनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ आणि त्यांना बसणारी चाके घडवण्याचे व्रत घेतले. दोन मिलिमीटरसाठी आयुष्य वेचणारी ही माणसे हास्यास्पद वाटतील. एखाद्या पाठभेदासाठी वीस पोथ्या चाळणाऱ्या संपादकाला ती तशी वाटणार नाहीत.

भारतीय रेल्वेची अडचण याहून मोठी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात त्याचे रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचे व्हायला हवेत. तसले रूळ बाजारात सहसा मिळत नाहीत. म्हणून भारतीय इंजिनाची छोटी प्रतिकृती बहुधा युरोपच्या अंतराच्या रुळांवर उभी केलेली असते, आणि जाणकाराच्या नजरेला तिचा पवित्रा चोरटा दिसतो. रूळ ओलांडताना ज्याने लहानपणी ते अंतर पावलांनी मोजले आहे त्याला तर ते लगेच जाणवते.

मापाचा प्रश्न एवढ्यावर थांबत नाही. सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. मुंबई ते पुणे हा १९२ किलोमीटरचा लोहमार्ग जसाच्या तसा मांडायचा तर सव्वादोन किलोमीटर लांबीचे दालन लागेल. तेव्हा अंतरे गाळावी लागतात. दोन स्थानकांमधली वीस मैलांची शेती एका वळणात गुंडाळावी लागते. काळाचीही तीच गत. वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवू पाहणारे छांदिष्ट आपल्या खोलीत मुद्दाम जलद धावणारी घड्याळे लावतात, दहा मिनिटांत तास पुरा करणारी. पाणी तर लहान होतच नाही. खऱ्या पाण्याचा थेंब छोट्या नदीत थेंबच दिसतो, म्हणून नदी रोगणाची किंवा राळेची करावी लागते. काय गाळायचे, काय ठेवायचे आणि खऱ्याचा भास होण्यासाठी खऱ्याला कुठे रजा द्यायची, हे प्रश्न कथाकाराचे आहेत. ज्याच्या मांडणीत काही गाळलेलेच दिसत नाही त्याची मांडणी कोंदट होते, मग रुळांची मापे कितीही बिनचूक असोत.

विश्वामित्राने प्रतिसृष्टी निर्माण केली ती रागाच्या भरात, देवांशी पैज लावून. या माणसांच्या प्रतिसृष्टीत राग क्वचित असतो. पण मूळ सृष्टीने आपले ऐकले नाही ही खंत असते. आपल्याकडे लहान मुलांना हा अनुभव दिवाळीतल्या किल्ल्याने मिळतो. माती, विटा, फुटकी गोणपाटे यांतून डोंगर उभा राहतो, हळीव किंवा मोहरी पेरून त्यावर हिरवळ येते, मातीचे मावळे चढतात. इतिहासाची पर्वा न करता पायथ्याशी कुणी मोटार ठेवतो, कुणी आगगाडी. फरक एवढाच की दिवाळी सरली की किल्ला मोडला जातो. मोडण्याबद्दल कुणी शोक करीत नाही. पुढच्या वर्षीचा किल्ला याहून मोठा करायचा हे ठरलेले असते. छोट्या रेल्वेचा छांदिष्ट मोडायला तयार नसतो. त्याचा किल्ला चाळीस वर्षे उभा राहतो, आणि तिथेच त्याच्या दुःखाची शक्यता उत्पन्न होते.

या दुःखाचे सर्वांत सुंदर फळ इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या लाँग विटनम या खेड्यात पाहायला मिळते. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५च्या सुमारास इंग्लंडला आला. 'पांढऱ्या घोड्याची दरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या परिसरातली शाकारलेल्या छपरांची जुनी घरे त्याला आवडली. आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होती. गवत जाऊन त्या जागी नवी, स्वस्त, गुळगुळीत छपरे येत होती. ती थांबवणे त्याच्या हाती नव्हते. १९३०च्या दशकात त्याने एकेका घराची मापे घेऊन ते शहात्तराव्या हिश्श्यात करायला सुरुवात केली: खिडक्या, विटांचे रंग, परसातले वाफे. १९५४ साली एका जुन्या पथिकाश्रमात त्याने संग्रहालय मांडले. ते पेंडन नावाने प्रसिद्ध आहे. तिथे १९३०च्या आसपासची ती दरी आजही घडते आहे, कारण काम अजून संपलेले नाही. १९९५ साली रॉय इंग्लंड वारला. स्वयंसेवक पुढे चालवीत आहेत. एकेका घराला महिनोन्‌महिने लागतात.

इथे स्मरणरंजनाचा रूढ अर्थ अपुरा पडतो. आपल्या बालपणाचे गाव हा माणूस उभे करीत नव्हता. तो मुळात त्या गावचाच नव्हता. गोड करणेही त्याने कटाक्षाने टाळले. जे जाणार आहे त्याची नोंद विलापाने न करता मापाने करायची, हा त्याचा बाणा होता. होफरने सांगितलेली वेदना इथे शिरते ती श्रमाच्या रूपाने. ओळीच्या ओळी गद्यात जुन्या गावाची आठवण काढणारे लेखन मराठीत उदंड झाले. त्यातल्या किती लेखकांना आपल्या गावातल्या घराच्या दाराची उंची सांगता येईल, अशी शंका पेंडनचे वर्णन वाचताना मनात येते. ती शंका काहीशी अन्यायाची आहे, पण अगदीच निराधार नाही.

अमेरिकेतल्या जॉन ॲलनची गोष्ट दुसऱ्या टोकाची. हा १९१३ साली जन्मलेला छायाचित्रकार कॅलिफोर्नियातल्या माँटेरे येथे राही. आपल्या तळघरात त्याने जमिनीपासून छतापर्यंत पोचणारे डोंगर, दऱ्यांवरचे पूल आणि त्यांतून जाणारी एक काल्पनिक रेल्वे उभी केली. तिचे 'गोर अँड डाफेटिड' हे नाव मोठ्याने वाचले की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा अर्थ इंग्रजी कानाला ऐकू येतो. त्याचा विनोद असा होता. एका गाडीला इंजिनाऐवजी त्याने डायनोसॉर जुंपला होता. पण याच माणसाने छंदाला जीर्णत्व शिकवले. त्याच्या आधीच्या मांडण्यांत बहुधा सारे नवे कोरे, चकचकीत असे. ॲलनने इंजिनांवर काजळी, डब्यांवर गंज, लाकडी घरांवर उन्हापावसाचे डाग आणले. काळाचा ओरखडा नसेल तर वस्तू खरी वाटत नाही, हे त्याच्या छायाचित्रकाराच्या डोळ्याने हेरले. जवळजवळ पंचवीस वर्षे तो हे करीत होता. पहिली छोटी मांडणी त्याने अखेरच्या विशाल मांडणीतच सामावून घेतली. ६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराने त्याचा अंत झाला तेव्हा काम पुरे होत आले होते. त्यानंतर दहा दिवसांनी घराला आग लागली आणि ती रेल्वे जळून गेली. आज ती उरली आहे त्याने काढलेल्या छायाचित्रांत. खोट्याचे खरे वाटणारे चित्र तेवढे शिल्लक, आणि ज्याचे ते चित्र तेही मुळात चित्रच.

या छंदाने स्वतःच्या हद्दीबाहेर जी उलथापालथ केली तिचाही इथे ओझरता उल्लेख व्हावा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांचा छोट्या रेल्वेचा क्लब निघाला. त्यातल्या काहींना टेबलावरच्या डोंगर-गावांत रस नव्हता. टेबलाखाली टेलिफोनच्या जुन्या रिले जोडून सांधे-सिग्नलांचे नियंत्रण करणाऱ्या तारांच्या जाळ्यात होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हीच मुले विद्यापीठातल्या संगणकांभोवती रात्री जागवू लागली, आणि संगणकाच्या जगात 'हॅकर' हा शब्द त्यांच्या बोलीतून गेला. टेबलावर जुने जग जपले जात असता टेबलाखाली त्याला संपवणारे जग जुळत होते.

आता संग्राहकांकडे वळायला हवे, आणि त्यांच्याविषयी फार मायेने लिहिणे कठीण आहे. जुन्या पत्र्याच्या गाड्यांचा लिलावात भाव ठरतो तो मुख्यतः दोन गोष्टींवर: मूळ खोके शाबूत आहे का, आणि रंगावर ओरखडा आहे का. दोहोंचा अर्थ एकच, की तिच्याशी कुणी खेळले आहे का. ज्या मुलाला ती मिळाली आणि ज्याने ती रुळांवरून शंभरदा पाडली, त्याच्या गाडीला मोल नाही. कपाटात राहिलेल्या, कदाचित मुलाच्या हाती कधी लागू न दिलेल्या गाडीला आहे. बालपणाची आठवण म्हणून जी वस्तू विकत घेतली जाते तिची किंमत तिला बालपणाचा स्पर्श न झाल्यामुळे वाढते. गाळलेल्या वेदनेचे स्मरणरंजन ते हेच. धातूला मात्र हा व्यवहार मान्य नसावा. महायुद्धापूर्वीच्या गाड्यांचे काही भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असत. त्या मिश्रणात शिसे किंवा तत्सम भेसळ राहिली असेल तर काही वर्षांनी तो धातू आतून फुगतो, त्याला चिरा जातात आणि त्याचा भुगा होतो. त्याला उपाय नाही. न उघडलेल्या खोक्यात, कापडात गुंडाळून ठेवलेल्या गाडीची चाकेही अशी विरून जातात. खेळलेली आणि न खेळलेली यांत ही व्याधी भेद करीत नाही.

मराठीत आगगाडी स्त्रीलिंगी आहे आणि आपण तिला राणी करतो. १९३०ची दख्खनची राणी, पुण्याच्या पेशवे उद्यानातली फुलराणी, बोरिवलीच्या उद्यानातली वनराणी. इंग्लंड-अमेरिकेत हा छंद वडील-मुलगा यांचा मानला गेला. इथे बागेतल्या छोट्या गाडीत आई, आजी आणि मुली सारख्याच हक्काने बसल्या. खऱ्या गाड्यांनाही आपण खेळण्याचे नाव देतो. दार्जिलिंगची १८८१ची आणि माथेरानची १९०७ची, या दोन फुटी रुळांच्या गाड्या घाटातली अवघड चढण चढण्यासाठी बांधल्या. प्रवाशांच्या तोंडी त्या 'टॉय ट्रेन' झाल्या.

पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी हौसेने जमवलेले आणि घडवलेले हे छोटे शहर १ एप्रिल १९९८ रोजी कायमचे खुले झाले. वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत नाना जातीच्या गाड्या इथे एकाच टेबलावर धावतात, दिवे मंदावून रात्र केली जाते आणि मुले कठड्याला टेकून पाहतात. ज्या रस्त्यावर ते आहे त्याला जी. ए. कुलकर्णी यांचे नाव आहे. नियतीच्या हाती माणसांचे सांधे बदलताना पाहणाऱ्या कथाकाराच्या नावाच्या रस्त्यावर एक माणूस सारे सांधे आपल्या हाती ठेवून बसतो, हे कुणाच्या फारसे लक्षात आलेले दिसत नाही.

खेळणे आणि खरी गाडी यांतली सीमा सर्वांत विलक्षण रीतीने पुसली गेली ती महाराष्ट्राबाहेर, पण मराठी घराण्यात. सातारकडच्या कण्हेरखेडहून उत्तरेत गेलेल्या शिंद्यांच्या ग्वाल्हेरात माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांना आगगाड्यांचा विलक्षण नाद होता. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात लांबच लांब टेबलावर रूळ घालून त्यांवर चांदीची छोटी गाडी फिरे. तिच्या डब्यांत मद्याच्या काचेच्या सुरया आणि चिरूट असत, डब्यांवर एकेक अक्षर मिळून घराण्याचे नाव होई. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे. एका मेजवानीत ती बिथरली आणि मान्यवर पाहुण्यांच्या अंगावर पदार्थ उडवीत सुटली, अशी कथा आवडीने सांगतात. कथेची सत्यता कुणी तपासली असेल-नसेल. तिची गोडी मात्र कळण्याजोगी आहे. हुकमी सृष्टी एकदा तरी हुकमाबाहेर जावी असे ऐकणाऱ्याला वाटत असते.

पण माधवरावांचा नाद टेबलापुरता राहिला नाही. १८९०च्या दशकात राजवाड्याच्या परिसरात हौसेने घातलेल्या दोन फुटी रुळांतून ग्वाल्हेर लाइट रेल्वे वाढली. ती भिंडकडे गेली, शिवपुरीकडे गेली, आणि १९०९पर्यंत श्योपूरला पोचली. महाराज स्वतः इंजिन चालवीत. हौशी राजाचे खेळणे म्हणून तिची थट्टा करणाऱ्यांना हे सांगायला हवे की एकट्या श्योपूर फाट्याची लांबी जवळजवळ दोनशे किलोमीटर होती, आणि चंबळच्या बाजूच्या रखरखीत प्रदेशात दुसरे स्वस्त वाहन दीर्घकाळ नव्हते. जौरा, कैलारस, सबलगढ अशी स्थानके घेत, कुनो नदी ओलांडीत ती सावकाश जाई. अख्खा दिवस तिच्यात सरे. माणसे दारांना लोंबकळत, छपरावर बसत, दुधाच्या किटल्या आणि गठुळी चढवीत. पर्यटक तिला 'टॉय ट्रेन' म्हणत आणि छायाचित्रे काढीत. छपरावर बसलेल्यांना ती खेळणे वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्यासाठी ती बाजाराला, कचेरीला, माहेराला नेणारी गाडी होती. बालगीतातली, कुठेतरी पोचवणारी.

२०२० साली ती बंद झाली आणि ब्रॉडगेजसाठी रूळ उखडले जाऊ लागले. ग्वाल्हेरकडून काही टप्प्यावर नव्या, रुंद रुळांवरच्या गाड्या धावू लागल्या आहेत. त्या जलद आहेत आणि प्रवाशांना त्या हव्याच होत्या. जुन्या गाडीच्या वेगाविषयी तिकडच्या माणसांच्या मनात फारसे काव्य नव्हते. हळहळले ते मुख्यतः दुरून आलेले. जयविलासचा काही भाग आता संग्रहालय आहे. भोजनगृहात टेबलावर चांदीची गाडी ठेवलेली असते. मुले तिच्यापुढे अंमळ जास्त रेंगाळतात, ती चालवून दाखवा म्हणतात, आणि मागून येणारी रांग त्यांना पुढच्या दालनाकडे सरकवते.